बाबांच्या खोलीतल्या जिनिंगच्या फळ्या

बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात एकाच खोलीची जमीन लाकडाची आहे. बाकी घरभर टाइल्स. येणारे-जाणारे त्या खोलीच्या दाराशी थबकतात, खाली बघतात आणि हमखास विचारतात, "वुडन फ्लोअरिंग! कोणत्या कंपनीचं हो?"

मला राग येतो. लाकडाला कंपनी नसते. झाड असतं, ते तोडणारा माणूस असतो, आणि त्या फळीवर उभं राहून ज्यांचं आयुष्य गेलं ती माणसं असतात. हे सगळं मी पाहुण्याला ऐकवते. तो चहाचा कप हातात धरून मान हलवत राहतो आणि आतून आई म्हणते, "झालं का भाषण? बिस्कीट तं खाऊ दे त्याले."

पाहुण्याला जे सांगून होत नाही, ते इथे लिहिते.

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जुन्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुई करायची, तो कारखाना. त्याच्याच भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. हंगाम सुरू झाला की कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. मग संक्रांत उलटून जाईपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरे तंतू. डाळीच्या डब्यावर, माझ्या वहीवर, आईच्या केसांत. आई शिक्षिका. निघताना पदर तीनदा झटकायची, तरी वर्गातली पोरं तिच्या पाठीकडे बोट दाखवून "बाई, कापूस" म्हणायचीच.

सकाळची शाळा सुटली की बाबांचा डबा पोचवणं माझं काम होतं. यंत्रं वरच्या मजल्यावर. लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी चपला काढायच्या आणि मग वर जायचं. यंत्रात कापूस घालणाऱ्या बाया असोत, नाहीतर खुद्द मालक असो, वर सगळे अनवाणी. देवळासारखं, पण देवाचा काही संबंध नव्हता. भीती आगीची होती. चपलेतला एखादा खिळा कुठे लोखंडाला घासला, ठिणगी उडाली, की एवढ्या रुईला पेटायला वेळ लागत नाही. म्हणून जमिनीतही लोखंड वर दिसू द्यायचं नाही, असा तिथला कायदा. सागवानी फळ्या स्क्रूने आवळायच्या, स्क्रूचं डोकं खोल दाबायचं, आणि वर राहिलेल्या भोकात लाकडाची गोल खुंटी ठोकून ती रंध्याने फळीशी सपाट करायची. प्रत्येक फळीवर अशा खुंट्यांची जोडी-जोडीने रांग असायची. बाकी फळी गुळाच्या रंगाची. पायाखाली सरकी चिरडून चिरडून तिचं तेल वर्षानुवर्षं लाकडात मुरलेलं. थंडीच्या दिवसांत त्या जमिनीवर पाय ठेवला की ती खालून किंचित कोमट लागायची आणि सतत थरथरायची, झोपलेल्या मांजराच्या अंगासारखी.

बाबा डबा उघडण्याआधी माझ्याशी एक खेळ खेळायचे.

"पाय नीट टेकव. डोळे मीट. आता सांग, कोणती मशीन रडून राह्यली?"

"मले काय समजते, बाबा?"

"मले बी पयले नव्हतं समजत. फळी सांगते. आपण ऐकून घ्या लागते, बस."

मी तोंडाला येईल तो आकडा सांगायची. ते हसायचे, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता उठून भलत्याच यंत्राकडे जायचे. तिथे खरंच काहीतरी सैल झालेलं असायचं. एकदाच, फक्त एकदा, मला पायाच्या टाचेत काहीतरी वेगळं लागलं. एका बाजूनं खरखर. मी म्हटलं, "तिसरी." बाबा गेले, पाना घेऊन वाकले, आणि तिथूनच ओरडले, "आँ! पोरगी फिटर झाली व बाया हो!" कापूस घालणाऱ्या बाया हसल्या. एकीनं माझ्या डोक्यावरची रुई झटकली आणि माझ्या हातावर तिच्या डब्यातला गुळाचा खडा ठेवला. पुढे मला पुष्कळ सभांत टाळ्या मिळाल्या. त्या गुळाच्या खड्याची सर एकीलाही नाही.

पुढे हायवेवर नव्या जिनिंग झाल्या. सिमेंटची जमीन, आपोआप कापूस ओढणारी यंत्रं. जुनी बंद पडली. आईची बदली वर्ध्याला झालेली होती, तिनं जवळच बोरगाव मेघेत घर बांधलं आणि आम्ही तिकडे आलो. मी कॉलेजात गेले आणि तिथून रस्त्यावर. रस्ते रुंद करायचे म्हणून जुनी झाडं पाडतात, त्याविरुद्ध आमचा एक गट आहे. पत्रकं मी लिहिते. आखूड वाक्यं लिहायची, पहिल्याच ओळीत दोषी कोण ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत मागणी टाकायची, हे मी तिथेच शिकले. त्यातल्या एका पत्रकात मी छापून टाकलं होतं की, हौसेसाठी नवं सागवान घरात आणणारा प्रत्येक जण या कत्तलीचा भागीदार आहे. माझं वाक्य. मला ते फार आवडलं होतं.

मग बाबांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं धरून ठेवायची. किती दिवस, ते सांगता येत नाही. बाबांना कडेचं काही दिसेना. मधलंही धूसर होत चाललेलं. आणि घरभर आमच्या त्या पांढऱ्या, चकचकीत टाइल्स. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं की बाबांना समोर नुसता उजेड दिसायचा. टीपॉय दिसायचा नाही, पायरी दिसायची नाही. दोनदा नडगी फुटली. मग ते बसू लागले. दिवसभर पलंगावर. ज्या माणसानं जन्मभर पायांवर काम केलं, तो संडासला जायलासुद्धा आईला हाक मारू लागला.

एका दुपारी मी त्यांना म्हटलं, "बाबा, चाला ना जरा. मी हात धरते."

"हात धरून मी काय लगनाच्या मंडपात चालू?" ते म्हणाले. तळवा फरशीवर घासला. मग म्हणाले, "या फरशीवर मले काईच समजत नाई, बाई. कोण आलं, कोण गेलं, मी कुठी उभा हाय. सारी मुकी हाय. माह्या खोलीत फळ्या टाकून दे. मंग मी माह्या पायानं चालतो."

बाबांनी आयुष्यात घरात कधी काही मागितलं नव्हतं. भाजी कोणती करू विचारलं तरी "काईबी" म्हणणारा माणूस.

आम्ही दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स दाखवल्या. मी वाकून पाहिलं. दर सहाव्या टाइलवर तीच गाठ, त्याच जागी, तशीच. झाडाचा फोटो काढून मातीवर छापायचा आणि वर त्याला 'नॅचरल' म्हणायचं! दुसऱ्या दुकानात लॅमिनेटच्या पट्ट्या होत्या. विकणारा पोरगा बिचारा मन लावून सांगत होता. ओरखडा पडत नाही, पाणी लागत नाही, पॉलिश लागत नाही. बाबांनी मध्येच चपला काढल्या आणि नमुन्याच्या पट्टीवर जाऊन उभे राहिले. टाच आपटली.

"काका, दणकट आहे. लाइफटाइम टिकते," पोरगा म्हणाला.

"टिकन न बाप्पा," बाबा म्हणाले. "मुकी माणसं बी शंभर वर्षं जगतात. मले बोलणारी पायजे."

मग राहिलं सागवान. लाकडाच्या आगारात पाय टाकला आणि ताज्या कापलेल्या सागाचा तो तुरट वास आला, तसा बाबांचा चेहराच बदलला. ते ओंडक्यांवरून हात फिरवत चालू लागले. कोणाचा हात न धरता. आई माझ्याकडे बघत होती. मी ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावरचे वनखात्याने मारलेले आकडे बघत होते आणि मला माझंच वाक्य दिसत होतं. कत्तलीचा भागीदार.

"नवं सागवान नाही," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत आई बोलली नाही. घरी आल्यावर बोलली.

"तुह्या पत्रकासाठी बापाले पलंगावर बसवून ठेवतं का व तू? एक काम कर. त्याइच्या पलंगापुढं तुही पत्रकं अंथरून दे. त्याच्यावरून चालतीन ते."

चुकीचं वाटत असतानाही मी हटले नाही. हा आमच्या कामाचा रोग आहे. चौकात बोललेलं घरात गिळायला जड जातं.

मार्च संपत आला होता. एका बैठकीसाठी हिंगणघाटला गेले होते. जुन्या घरावरून जावं म्हणून रिक्षा तिकडून घ्यायला लावली. जिनिंग पाडत होते. छप्पर आधीच गेलेलं, भिंत अर्धी, आणि रस्त्याच्या कडेला फळ्यांचा ढीग. एक माणूस त्या ट्रॅक्टरमध्ये भरत होता. कुठे नेता, विचारलं. वीटभट्टीला, म्हणाला. जळण.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकीकडे डोंगरावरचा साग तोडायचा आणि दुसरीकडे हा असा भट्टीत घालायचा! मी तिथे त्या माणसाला जे सुनावलं ते सुनावलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हीच न्या न मंग." मी बाबांना फोन लावला.

ते म्हणाले, "ढिगात हात घाल. फळीवर खुंट्या हायेत? गोल? लाकडाच्या?"

मी बोट फिरवलं. "आहेत."

"जोडी-जोडीनं?"

"हो, बाबा."

ते म्हणाले, "एकबी जाऊ देजो नको. मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाबा, मी आणि आमच्या बोरगावातले वाढई. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. हे वाढईकाका बाबांच्याच वयाचे, दातात कायम बिडी, पेटवलेली क्वचितच. निवड कशी करायची असते ते मी त्या दिवशी पाहिलं. काका फळी उभी करून बोटाच्या पेराने वाजवायचे. ठण्ण आवाज आला तर डावीकडे, भद्द आला तर उजवीकडे. मग कडा बघायच्या. गाभ्याचं लाकूड गडद असतं, सालीकडचं पांढरट. कडेला पांढरट पट्टा दिसला की काका फळी बाजूला लोटत, वाळवी आधी तिथेच लागते म्हणून. "हे उधईचं जेवण हाय, ताई. घरात नेलं तं पंगत बसन." मग रंध्याचा एक हात मारून भुसा नाकाशी न्यायचे. वास उठला तर लाकूड जिवंत. बाबा खुर्चीवर बसून होते, पण प्रत्येक निवडलेली फळी त्यांच्या पायाखाली ठेवावी लागत होती. ऊन असं की फळी तापलेली. मी बाटलीतलं पाणी शिंपडायची, वाफ निघायची, मग बाबा पाय टेकवायचे आणि म्हणायचे, "हं, घ्या."

"मिस्त्री," वाढईकाका शेवटी वैतागले, "नवरी पाहून राह्यले का फळी? हो म्हणा न लवकर."

"नवरी एवढी पाह्यली असती तं फसलो नसतो," बाबा म्हणाले. फार महिन्यांनी त्यांनी विनोद केला होता. घरी आल्यावर मी तो आईला सांगितला. आई म्हणाली, "हूं." पण रात्रीच्या स्वयंपाकात भरीत होतं. बाबांचं आवडतं.

फळ्या घरी आल्या आणि भांडण सुरू झालं.

वाढईकाका म्हणाले, आता या फळ्या खोलीत रचून ठेवा, मध्ये लाकडाच्या चिपा घालून, हवा खेळली पाहिजे. एक पावसाळा इथली हवा पिऊ द्या. दिवाळीनंतर मी बसवून देतो.

"दिवाळी?" मी म्हटलं. "काका, तोवर बाबांना काही दिसेल का?"

माझा हिशेब सरळ होता. बाबांना थोडं दिसतं आहे तोवर त्यांनी नवी जमीन बघून, चालून, पाठ करून घ्यावी. मग अंधार आला तरी पायाला रस्ता माहीत. सात महिने थांबायचं म्हणजे नजर संपायची वाट बघायची. मला ते क्रूर वाटलं.

"ताई, ह्या फळ्या विना छपराच्या जिनिंगमधी उन्हात पडल्या होत्या. पार सुकल्या. आता मे महिन्यात बसवल्या तं पावसात फुगतीन."

"लाकूड शंभर पावसाळे बघितलेलं आहे, काका. आता काय फुगणार?"

"बरं, मंग दोन फळ्यांत पत्त्याच्या पानाएवढी फट ठेवू द्या. भिंतीपाशी बोटभर."

तीही मला पटली नाही. फट म्हणजे कच्चं काम. बाबांच्या काठीचं टोक अडकेल. मी म्हटलं, गच्च बसवा. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यभर लाकडावर उभं राहून काम केलं होतं, त्यांना सगळं कळत होतं. पण ते काही बोलले नाहीत. घाई त्यांनाही झाली होती. हे मला फार उशिरा समजलं.

मेच्या भर उन्हात काकांनी खोलीतल्या टाइल्स काढून खालच्या स्लॅबवर लाकडी पट्ट्या मारल्या आणि त्यांच्यावर फळ्या गच्च बसवल्या. स्क्रू खोल, वर खुंट्या, रंध्याने सपाट. जिनिंगसारखं. संपूर्ण काम होईपर्यंत काका "माह्यं काई नाई" एवढंच म्हणत होते.

आणि तो एक महिना! तसा महिना आमच्या घरात पुन्हा यायचा आहे. पहिल्या दिवशी बाबा उंबऱ्याशी थांबले, चपला काढल्या आणि आत गेले. खोलीत गेल्यावर टाच आपटली. खालच्या पोकळीतून आवाज घुमला. ते हसले. पलंग ते खिडकी. खिडकी ते दार. दार ते पलंग. दिवसभर येरझाऱ्या. मी दारातून आत पाय टाकला की आवाज द्यायचे, "आली का व?" आई आली की काहीच बोलायचे नाहीत, फक्त सरकून पलंगावर जागा करायचे. सरकीचा तो जुना, खमंग वास खोलीत भरून राहिला होता. मी शाळेतल्या पोरीसारखी तिथे जमिनीवर पालथी पडून पत्रकं लिहायची. गालाला फळी लावली की असं वाटायचं, आता खालून थरथर येईल.

जुलैत पाऊस लागला. चार दिवस सलग. पाचव्या दिवशी सकाळी खोलीतून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. मग बाबांचा.

मधल्या तीन फळ्या एकमेकींना रेटून उठल्या होत्या. खोलीच्या मधोमध घोट्याएवढा उंचवटा. बाबा आपल्या पाठ केलेल्या वाटेने, कोणाला हाक न मारता, खिडकीकडे निघाले होते. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आणलं त्या दिवसापासून ते पलंगावरून उतरेनात. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आईनं विचारलं तर म्हणाले, "पाय टाकायचं भेव वाटते व." मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या तोंडून भेव हा शब्द ऐकला. माझ्या पत्रकात पहिल्या ओळीत दोषीचं नाव असतं. त्या आठवड्यात मला ते नाव शोधावं लागलं नाही. मी ज्या माणसाला चालतं करायला निघाले, त्याला मीच पाडलं होतं.

वाढईकाकांना बोलवायला मला दोन दिवस लागले. ते आले, उंचवट्याकडे पाहिलं, बिडी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली.

"ताई, लाकूड म्हणजे तुमचं पत्रक नाई. आज छापलं अन् आजच चौकात वाटलं."

"चुकलं माझं, काका."

"चुकलं म्हणून सांगू नका. पेचकस धरा," ते म्हणाले. "काढू सारं."

सगळ्या फळ्या उखडल्या आणि बाबांच्याच खोलीत भिंतीशी रचल्या, मध्ये चिपा घालून. पूर्ण पावसाळा बाबा आणि तो ढीग एका खोलीत राहिले. आई म्हणायची, सवत आणली. नजर त्या महिन्यांत भराभर गेली. ऑगस्टात ते माझा चेहरा ओळखत होते, गणपतीनंतर फक्त दिवा लागला की नाही एवढं. मी रोज त्या ढिगाकडे बघायची आणि मनात दिवस मोजायची. हरलोच आपण, असं वाटायचं.

पण मला दिसत नव्हतं ते तिथे चाललं होतं. प्लास्टर निघाल्यावर हाताला व्यायाम म्हणून बाबा पलंगाच्या काठावर बसून ढिगातल्या फळ्या चाचपायचे. आधी वरची. मग मला म्हणायचे, खालची वर काढ. हळूहळू त्यांनी एकेक फळी हातांनी वाचून काढली. हिच्यात गाठ आहे. हिची एक खुंटी फाटलेली. ही एका कडेनं झिजली, म्हणजे जिन्याजवळची, सगळ्यांचे पाय हिच्यावरून गेले. एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझी बोटं एका फळीवर टेकवली. चार खोल खळगे, चौकोनात.

"यंत्राचा पाय," मी म्हटलं.

"कोणत्या?"

"मला काय माहीत?"

"एका कडेले जास्त खोल हाय, पाह्य. तिकडून हलायची ते. तिसरी. तूच तं सांगितलं होतं."

मी उठून बाहेर अंगणात गेले. आईला वाटलं, कपडे काढायला गेले.

दिवाळी झाली, भाऊबीजेनंतर काका आले. या वेळी बसवायचा क्रम बाबांनी सांगितला. पलंगावर बसून, हातात एकेक फळी घेऊन. गाठीची खिडकीखाली. झिजलेली दाराशी. तिसऱ्या यंत्राची पलंगाजवळ, जिथे सकाळी पाय पहिला पडतो तिथे. मध्ये पत्त्याच्या पानाएवढी फट. त्यासाठी काका घरून खरोखरचा जुना पत्ता घेऊन आले होते, चौकटची दुर्री. भिंतीपाशी बोटभर. खुंट्या ठोकून झाल्या आणि काकांनी रंधा हातात घेतला, तसे बाबा म्हणाले, "थांब. पलंगापासून दारापर्यंतच्या खुंट्या सपाट करू नको. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वर ठेव."

काकांचा चेहरा पडला. "मिस्त्री, असं अधुरं काम माह्या हातून? लोक काय म्हणतीन? वाढयाले रंधा मारता येत नाई?"

"लोकाइले दिसते, म्हणून लोक म्हणतात. मले पायानं दिसलं पायजे."

काका बराच वेळ रंधा घेऊन बसून राहिले. मग त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि पॉलिश पेपरने एकेक खुंटी हातानं गोल केली, तळव्याला टोचू नये म्हणून. पूर्ण दोन दिवस लागले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "कोणाले सांगू नका, मी केलं म्हणून." मी सांगते आहे. त्यांनी केलं.

या गोष्टीला आता दुसरा पावसाळा होऊन गेला. फळ्या फुगतात, फटी मिटतात. उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. बाबांना आता दिवाही समजत नाही. ते अनवाणी, खुंट्यांच्या रांगेवरून, कोणाला हाक न मारता दारापर्यंत येतात. दाराबाहेर टाइल सुरू होते. तिथे थांबतात आणि पायाच्या अंगठ्यानं तिला एकदा चाचपून तोंड वाकडं करतात.

परवा भर दुपारी मी घरी आले. आम्ही ज्या रस्त्यावरच्या कडुनिंबांसाठी वर्षभर भांडलो, ते सकाळी पाडले होते. लोक थांबले, बघितलं, गेले. पत्रक कोणी घेतलं नाही. मी चपला काढल्या आणि बाबांच्या खोलीत शिरले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"सारेच वापस आणले काय व?"

माझ्या दोन्ही हातांत गठ्ठे होते, सकाळी नेलेले, तसेच बांधलेले. "तुम्हाला कसं कळलं?"

"गेली तेवढीच जड आली."

मी गठ्ठे खाली ठेवले, आणि त्यांच्या पलंगाशी, त्या चार खळग्यांच्या फळीवर बसले. बाबांनी पाय खाली सोडले, माझ्या शेजारी टेकवले, आणि डोळे मिटले. सवयीनं.

"आता सांग," ते म्हणाले. "कोण रडून राह्यलं?"